अडीच सेकंदांचा कस

३१ डिसेंबर २०२२ची रात्र. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा उपांत्य सामना अटलांटात रंगला होता. चौथं सत्र सुरू झालं तेव्हा ओहायो स्टेट विद्यापीठ जॉर्जियाच्या पुढे होतं, ३८-२४. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेट हा कधीकाळी शिष्यवृत्तीविना संघात आलेला मुलगा. त्यानं ती पिछाडी भरून काढली आणि ५४ सेकंद उरले असताना टचडाउनचा, म्हणजे चेंडू गोल रेषेपलीकडे पोचवणारा, पास टाकला. जादा गुणाची किक साधली आणि फलकावर ४२-४१ लागले.

आता पाळी ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकची, सी. जे. स्ट्राउडची होती. त्याचे पास झेलणारा सर्वांत भरवशाचा रिसीव्हर मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर जखमी होऊन बाहेर बसला होता. स्ट्राउडनं स्वतःच चेंडू घेऊन २७ यार्डांची धाव काढली आणि संघाला फील्ड गोलच्या, म्हणजे किकनं गुण मिळवण्याच्या, टप्प्यात आणलं. मग ५० यार्डांवरची किक डावीकडे भरकटली. चेंडू हवेत असतानाच बारा वाजले.

नऊ दिवसांनी जॉर्जियानं अंतिम सामन्यात टीसीयू विद्यापीठाचा ६५-७ असा फडशा पाडला आणि ‘दबावाखाली खेळावं तर बेनेटनं’ ही ख्याती पक्की झाली. ती त्यानं कमावलेलीच होती. पण किक आत गेली असती तर हीच ख्याती स्ट्राउडच्या नावावर लागली असती, आणि ती किक मारणारा पाय त्याचा नव्हता. दबावाखाली सर्वोत्तम कॉलेज क्वार्टरबॅक कोण, या वादातली पहिली अडचण ही आहे. निकाल संघाचा असतो, कौतुक किंवा दोष एकट्याच्या वाट्याला येतो.

हा खेळ फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड लाइनमन कडं करून उभे असतात. त्या कड्यामागच्या जागेला पॉकेट म्हणतात. समोरचे बचावपटू ते कडं फोडायला धावतात आणि क्वार्टरबॅकला साधारण अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात मैदान वाचायचं, मोकळा सहकारी शोधायचा आणि चेंडू सोडायचा. उशीर झाला तर तो चेंडूसकट जमिनीवर. हा सॅक.

म्हणजे दबाव दोन तऱ्हांचा. एक अंगावर येणाऱ्या माणसांचा, दुसरा घड्याळाचा आणि गुणफलकाचा. पहिला मोजता येतो. आज विश्लेषक प्रत्येक पासाची चित्रफीत पाहून पॉकेट शाबूत होतं की नाही याची नोंद करतात. त्यातून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की शाबूत पॉकेटमधली कामगिरी वर्षागणिक बऱ्यापैकी सारखी राहते, दबावाखालची मात्र खूप हेलकावे खाते. कॉलेजच्या नियमित हंगामात सामने जेमतेम बारा, त्यात असे क्षण मोजकेच. एवढ्यावर एका हंगामात कुणाला पोलादी मनाचा ठरवणं घाईचं होतं. शिवाय कॉलेजच्या अधिकृत आकडेवारीत सॅकमध्ये गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, त्यामुळे पासांचे आकडे त्या पडझडीनंतरही स्वच्छ दिसतात.

मायकल पेनिक्स ज्युनिअरचे आठ दिवस पाहावेत. १ जानेवारी २०२४ला न्यू ऑर्लिन्समध्ये वॉशिंग्टनच्या या डावखुऱ्या खेळाडूनं टेक्ससविरुद्ध ४३० यार्डांचे पास टाकले, संघ ३७-३१ जिंकला. ८ जानेवारीला ह्यूस्टनमधल्या अंतिम सामन्यात मिशिगनचे बचावपटू त्याच्यापर्यंत पोचू लागले. ५१ पैकी २७ पास पूर्ण, दोन प्रतिस्पर्ध्यांच्या हाती, आणि ३४-१३ असा पराभव. आठवड्यात त्याची हिंमत आटली असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्यापुढचं कडं, जे त्या वर्षी देशात सर्वोत्तम ठरून जो मूर पुरस्कार जिंकलं होतं, त्या रात्री टिकलं नाही.

तोच पुरस्कार २०१९मध्ये एलएसयू विद्यापीठाच्या लाइनमननी जिंकला होता. त्यांच्यामागे उभ्या जो बरोनं त्या हंगामात ६० टचडाउन पास टाकले आणि संघ पंधराही सामने जिंकला. अंतिम सामन्यात क्लेमसननं १७-७ अशी आघाडी घेतल्यावरही त्यानं हात आखडला नाही आणि एलएसयू ४२-२५ जिंकलं. पण बरोचा मोठा गुण, दबाव येण्याआधीच तो ओळखून चेंडू सोडून देण्याचा, या वादात नेहमी मागे पडतो. संकट टाळणाऱ्यापेक्षा त्यातून सुटणारा लोकांच्या लक्षात राहतो.

सुटण्याचं सर्वांत नाट्यमय उदाहरण ८ जानेवारी २०१८चं. राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामा मध्यंतराला जॉर्जियाविरुद्ध ०-१३ असं मागे होतं. प्रशिक्षक निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टॅगोवायलोआला उतरवलं. सामना ओव्हरटाइममध्ये गेला. तिथे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या २५ यार्ड रेषेवर मिळतो. टुआनं पहिल्याच प्रयत्नात चेंडू सोडायला उशीर केला आणि सॅक होऊन १६ यार्ड गमावले. पुढच्याच प्रयत्नात ४१ यार्डांचा पास डेव्होन्टा स्मिथच्या हाती, २६-२३, विजेतेपद. जवळपास अकरा महिन्यांनी, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला आणि बाकावरून उठलेल्या हर्ट्सनं सामना ३५-२८ असा फिरवला. वर्षभर दुसऱ्याच्या सावलीत बसून मग असा खेळ करायला जे लागतं, ते कुठल्याच चित्रफितीतून मोजलं जात नाही.

निव्वळ घड्याळाच्या दबावात टेक्ससच्या व्हिन्स यंगला तोड नाही. २००६चा रोझ बोल, विजेतेपदाचा सामना, समोर सलग ३४ सामने जिंकलेला यूएससी विद्यापीठाचा संघ. पावणेसात मिनिटंही उरली नव्हती आणि टेक्सस २६-३८ असं मागे. अखेरचे क्षण, चौथा प्रयत्न, पाच यार्ड हवेत. यंगला कुणी मोकळं दिसलं नाही, तो उजव्या कोपऱ्याकडे धावला आणि १९ सेकंद उरले असताना कुणाच्याही हाती न लागता पोचला. ४१-३८. धावून २०० यार्ड, पासांनी २६७.

तरीही दोन्ही दबाव एकत्र अंगावर आलेला सामना निवडायचा, तर तो २७ नोव्हेंबर २०२१चा ऑबर्नमधला. अलाबामाचा ब्राइस यंग त्या दिवशी सात वेळा सॅक झाला. संघ ३-१० असं मागे, चेंडू स्वतःच्या ३ यार्ड रेषेवर, ९७ यार्ड बाकी, हातात जेमतेम दीड मिनिट. नशिबाचाही वाटा होता. त्याआधी ऑबर्नचा धावपटू सीमारेषेबाहेर गेल्यानं घड्याळ थांबलं होतं. यंगनं ते ९७ यार्ड पार केले, २४ सेकंद उरले असताना बरोबरी साधली आणि चौथ्या ओव्हरटाइममध्ये अलाबामा २४-२२ जिंकलं. आकड्यांत हा खेळ साधारण दिसतो, ५१ पैकी २५ पास पूर्ण. आठवड्याभरानं जॉर्जियाविरुद्ध त्याच लाइननं त्याला एकदाही सॅक होऊ दिलं नाही. तेव्हा त्यानं ४२१ यार्डांचे पास टाकले आणि मग सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडकही जिंकला. चर्चेत जॉर्जियाचा तो सामना जास्त येतो. दबावाखालच्या खेळाचा प्रश्न असेल, तर मान ऑबर्नच्या सामन्याचा आहे.