न्यूज ॲपमध्ये नागपूरच्या बातम्या वर कशा आणायच्या?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नागपुरातल्या अनेक वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अशा वेळी आपल्याला हवी असते आपल्या रस्त्याची बातमी. फोनवर मात्र मुंबईची लोकल आणि कुठल्याशा नटाचं लग्न!

कारण साधं आहे. ॲपची भाषा मराठी केली म्हणजे गाव ठरत नाही. शिवाय तुम्ही जे उघडता, तसंच आणखी पुढे येतं. लग्नाच्या बातमीवर तीनदा टॅप केलं, की चौथी आलीच.

गुगल न्यूजचं उदाहरण घ्या. सर्चमध्ये ‘नागपूर’ टाका आणि ते फॉलो करा. रोज वाचता ती वर्तमानपत्रंही अशीच फॉलो करता येतात. नको असलेल्या बातमीजवळच्या तीन टिंबांवर टॅप केलं, की तशा बातम्या कमी करण्याचा किंवा तो स्रोतच लपवण्याचा पर्याय मिळतो. हे एकदा करून भागत नाही, अधूनमधून करावं लागतं.

नोटिफिकेशनचा त्रास होतो म्हणून सरसकट बंद करू नका. ॲन्ड्रॉइडवर आलेलं नोटिफिकेशन दाबून धरलं, तर फक्त तोच प्रकार बंद करता येतो.

पुराच्या इशाऱ्यासाठी मात्र न्यूज ॲपवर विसंबू नका. बातमी घटनेनंतर येते. त्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप वेगळं ठेवा आणि त्याला लोकेशनची परवानगी द्या.