पंधरा हजारांचा अँड्रॉइड आयफोनवाल्याला वळवू शकतो का?

बीबी (ता. लोणार) : दिवाळीला पुण्या-मुंबईची पोरं गावी आली की खिशात आयफोन असतो आणि त्याचं चार्जर शोधायला घरभर फिरणं चालू असतं. ते पाहून गावातलं एखादं पोरगं बापाजवळ हट्ट धरतं, मलाही आयफोनच पाहिजे. बाप म्हणतो, व्हॉट्सॲप अन् फोन पे तर माझ्या पंधरा हजारांच्या मोबाईलातही चालतं, कायले पैसे घालता? वाद दोन-चार दिवस चालतो आणि बऱ्याच घरात शेवटी हप्त्यावर फोन येतो.

उलटा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ज्याच्या हातात आधीच आयफोन आहे, तो स्वस्त अँड्रॉइडकडं वळेल का? आणि वळायचं ठरवलं तर काय सांभाळायचं?

आधी सोयाबीनच्या हिशोबात पाहू

सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आला, तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. म्हणजे एका फोनसाठी साडेपंधरा क्विंटल सोयाबीन. एकरी सात-आठ क्विंटलचा उतारा धरला तर दोन एकरांचं पीक गेलं, आणि त्यात बियाणं, खत, फवारणी, काढणीचा खर्च धरलेला नाही. बाजारात हमीभाव मिळतोच असंही नाही. पंधरा हजारांच्या फोनला मात्र तीन क्विंटलच्या आतच काम भागतं.

हप्त्याचं पाहिलं तर ८२,९०० रुपये २४ महिन्यांत वाटले तरी महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास बसतात. व्याज लागलं तर ते वेगळं. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो. शेतकऱ्याच्या घरात पैसा सोयाबीन, तूर, हरभरा निघाल्यावर येतो, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. खरी अडचण इथं होते.

मग आयफोनवाला हलत का नाही?

अमेरिकेत याचं एक वेगळं कारण आहे. तिथं बरेच लोक आयफोनच्या स्वतःच्या मेसेज ॲपवर बोलतात. आयफोनवरून आयफोनला गेलेला मेसेज निळ्या रंगात दिसतो, अँड्रॉइडला गेलेला हिरव्या रंगात. हिरवा दिसला की मित्रांच्या ग्रुपमध्ये माणूस वेगळा पडतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारनं ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात या मेसेजचाही मुद्दा आहे.

आपल्याकडं ही अडचण नाही. इथं सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो आणि तिथं कोणाच्या हातात कोणता फोन आहे ते दिसत नाही. त्यामुळं भारतातल्या आयफोनवाल्याला अँड्रॉइडकडं येणं तसं सोपं आहे. तरी तो येत नाही, त्याची कारणं अशी :

एक म्हणजे टिकाऊपणा. आयफोन ११ हा २०१९ चा फोन आहे, तरी २०२५ मध्ये आलेलं नवं सॉफ्टवेअर त्याला मिळालं. स्वस्त अँड्रॉइडला पुष्कळदा दोन-तीन वर्षांत अपडेट बंद होतात. अपडेट बंद झाले की फोन असुरक्षित होतो आणि पुढं काही ॲपही चालत नाहीत.

दुसरं, मोडीची किंमत. तीन वर्षं वापरलेल्या आयफोनला गिऱ्हाईक मिळतं. तितक्याच जुन्या पंधरा हजारांच्या मोबाईलला दुकानदार हातही लावत नाही.

तिसरं कारण फसवणुकीचं, आणि ते गावाकडं फार महत्त्वाचं आहे. पीएम किसानचा हप्ता किंवा आरटीओचं चालान सांगून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते. अँड्रॉइडवर ती उघडून परवानगी दिली की मेसेज, ओटीपी चोराच्या हातात जातात आणि खातं रिकामं होतं. आयफोनवर एपीके फाईल चालतच नाही. पण फोनवर बोलता बोलता कोणी ओटीपी सांगितला, तर आयफोनही वाचवू शकत नाही. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करायचा.

चौथं कारण सगळ्यांना ठाऊक आहे पण बोलत कोणी नाही, ते म्हणजे मान. लग्नात फोटो काढताना मागं सफरचंद दिसलं पाहिजे. कॅमेरा चांगला आहे हे खरं, विशेषतः व्हिडिओ. पण पुष्कळांच्या बाबतीत फोनपेक्षा फोन दिसणं महत्त्वाचं असतं.

स्वस्त अँड्रॉइड कुठं भारी पडतो?

पहिली गोष्ट बॅटरी. पंधरा हजारांच्या फोनात आता ५,००० ते ६,००० एमएएचची बॅटरी सहज मिळते. आयफोन १३ पासून १६ पर्यंतच्या साध्या मॉडेलमध्ये ती सव्वातीन ते साडेतीन हजारांच्या आसपास आहे. आयफोन चार्जिंग जपून वापरतो, त्यामुळं नवा असताना फरक एवढा जाणवत नाही. पण तीन-चार वर्षांचा आयफोन घेऊन दिवसभर शेतात राहिलं आणि घरी आल्यावर लाईट गेलेली असली, तर फरक कळतो.

दुसरी गोष्ट ऊन. ॲपल स्वतः सांगते की आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढं जातो. फोन जास्त तापला की स्क्रीन अंधुक होते, चार्जिंग थांबतं. अँड्रॉइडही तापतो, पण पंधरा हजारांचा फोन बांधावर ठेवताना जीव वर-खाली होत नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्ती. साध्या अँड्रॉइडची स्क्रीन तालुक्याच्या गावी बदलून मिळते. आयफोनचं अधिकृत सर्व्हिस सेंटर मोठ्या शहरात, आणि स्क्रीनचा खर्च कधी कधी नव्या अँड्रॉइडएवढा. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनला केबलही वेगळी लागते. २०२३ च्या आयफोन १५ पासूनच सगळ्यांची सी-टाईप केबल चालायला लागली.

चौथी गोष्ट जागा. पुष्कळ स्वस्त अँड्रॉइडमध्ये मेमरी कार्ड टाकता येतं, आयफोनमध्ये नाही.

अपडेटमधला फरकही कमी होत चालला आहे. २०२४ मध्ये आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी ए१६ ५जी ला कंपनीनं सहा वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, आणि तो फोन वीस हजारांच्या आतला होता. म्हणून अँड्रॉइड घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल यापेक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे दुकानदाराला आधी विचारावं.

मग वळतो कोण?

नवा आयफोन हातात असलेला माणूस पंधरा हजारांच्या फोनवर भुलत नाही. तो वळतो ते आयफोन अडचणीत आल्यावर : स्क्रीन फुटली, बॅटरी उतरली, जागा भरली, किंवा नोकरी सोडून गावी शेती पाहायला आला. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली दिसत असेल, तर आधी बॅटरी बदलण्याचा खर्च विचारावा. नव्या फोनपेक्षा तो पुष्कळ कमी असतो आणि जुना आयफोन आणखी दोन वर्षं चालू शकतो. काहीजण आयफोन घरी ठेवून शेतासाठी स्वस्त अँड्रॉइड घेतात, तेही वाईट नाही.

बदलायचंच ठरवलं तर

१. व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा आपोआप येत नाहीत. आयफोनचा बॅकअप आयक्लाऊडवर असतो, अँड्रॉइडला तो उघडता येत नाही. नवा फोन पहिल्यांदा चालू करून मांडणी करतानाच, जुना आयफोन जवळ ठेवून चॅट हलवावे.

२. फोटो आधी गुगल फोटोजवर चढवावे. तिथं १५ जीबी जागा फुकट असते, आयक्लाऊडवर ५ जीबी.

३. आयफोनमध्ये नंबर ई-सिमवर असेल तर आधी कंपनीकडून साधं सिम कार्ड घ्यावं. पुष्कळ स्वस्त अँड्रॉइडमध्ये ई-सिम चालत नाही.

४. सेटिंगमध्ये जाऊन आयमेसेज बंद करावं, नाहीतर दुसऱ्या आयफोनवाल्यांचे मेसेज जुन्या फोनकडंच जात राहतात.

५. युपीआय नव्या फोनवर पुन्हा चालू करावं लागतं आणि पहिल्या दिवशी रकमेची मर्यादा कमी असते. म्हणून बियाणं-खत घ्यायच्या दिवशी फोन बदलू नये.

६. जुना आयफोन विकण्याआधी ॲपल खात्यातून बाहेर पडून सगळं पुसावं. खातं तसंच राहिलं तर घेणाऱ्याच्या हातात फोन लॉकच राहतो.

जुना आयफोन घेणाऱ्यांसाठी

स्वस्तात जुना आयफोन मिळतोय म्हणून घाई करू नये. पैसे देण्याआधी *#०६# डायल करून आयएमईआय नंबर पाहावा. मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, जागा सोडून तो १५ आकडी नंबर टाकून १४४२२ वर पाठवावा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. बिल घ्यावं, आणि विकणाऱ्यानं आपल्या समोर ॲपल खातं काढल्याशिवाय पैसे देऊ नये.

घरात पोरगं आयफोनसाठी अडून बसलं असेल तर त्याला नुसतं नाही म्हणण्यापेक्षा कागद घेऊन सोबत बसावं. फोनची किंमत, महिन्याचा हप्ता आणि घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो, हे तिन्ही आकडे त्यालाच लिहायला लावावे.