जमिनीखालचे तेल आणि वहीतले तेल

तेल कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत 'सिद्ध साठा' या शीर्षकाखाली जो आकडा छापला जातो, तो कंपनीच्या ताब्यातील भूगर्भात किती तेल आहे हे सांगतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो आकडा भूगर्भाइतकाच बाजारभाव, करार, भांडवल आणि सरकारी परवाने यांच्याविषयी बोलत असतो. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने 1978 साली घालून दिलेल्या आणि 2008 अखेरीस सुधारलेल्या व्याख्येनुसार, ज्ञात तेलधारी थरांतून, प्रचलित आर्थिक परिस्थितीत, प्रचलित उत्पादनपद्धतींनी आणि लागू असलेल्या सरकारी नियमांच्या चौकटीत जे तेल किफायतशीरपणे वर काढता येईल अशी 'वाजवी खात्री' भूवैज्ञानिक आणि अभियांत्रिकी पुराव्यावरून देता येते, तेवढेच तेल सिद्ध मानले जाते. यांपैकी एकही अट तुटली, तर खडकातील तेलाचा थेंबही न हलता ते वहीतून नाहीसे होते.

अंदाजाची सुरुवात मात्र खडकापासूनच होते. तेल भूगर्भात तळ्यासारखे साचलेले नसून वाळूच्या किंवा चुनखडीच्या खडकातील सूक्ष्म छिद्रांत, पाण्याच्या सोबतीने, मोठ्या दाबाखाली कोंडलेले असते. म्हणून थराचे क्षेत्रफळ आणि जाडी, खडकात छिद्रांचे प्रमाण किती (याला सच्छिद्रता म्हणतात), त्या छिद्रांपैकी किती भाग पाण्याने व्यापलेला आहे आणि वर आल्यावर विरघळलेला वायू निघून गेल्यामुळे तेलाचे आकारमान किती घटेल, या साऱ्यांचा हिशेब करून मूळ जागेवरील तेलाचा अंदाज बांधतात. यांतील प्रत्येक घटक काही मोजक्या विहिरींत मोजलेला आणि उरलेल्या विस्तीर्ण क्षेत्रासाठी अनुमानाने धरलेला असतो. त्यानंतर प्रश्न येतो तो साखर कारखानदारीत ज्याला उतारा म्हणतात त्याचा, म्हणजे मूळ तेलापैकी किती टक्के प्रत्यक्ष हाती येईल याचा. जगभरात तेलाचा उतारा ढोबळ मानाने एक तृतीयांशाच्या आसपास असतो. 1974 साली 'सागर सम्राट' या वेधनमंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर शोधलेल्या आणि 1976 पासून उत्पादन देऊ लागलेल्या मुंबई हाय क्षेत्रातही चुनखडीच्या थरांतील तेलाचा मोठा भाग खडकातच राहतो. थरात पाणी दाबून सोडणे, नव्या विहिरी खोदणे आणि पुनर्विकासाच्या योजना राबवणे हे सारे प्रयत्न उतारा काही टक्क्यांनी वाढवण्यासाठीच असतात, कारण एवढ्या मोठ्या क्षेत्रात एका टक्क्याचे मोलही प्रचंड असते.

क्षेत्र नवे असेपर्यंत अंदाज असा आकारमानावर आणि शेजारच्या सारख्या क्षेत्रांच्या अनुभवावर अवलंबून असतो. उत्पादन सुरू होऊन काही वर्षे लोटली की विहिरींचे उत्पादन कोणत्या वेगाने घटते आहे आणि थरातील दाब किती उतरला आहे, यांवरून तो पुन्हा तपासता येतो. अनिश्चितता मांडण्यासाठी साठ्याचे सिद्ध, संभाव्य आणि शक्य असे तीन वर्ग केले जातात. संभाव्यतेच्या गणिताने अंदाज बांधला, तर प्रत्यक्ष उत्पादन त्या आकड्याइतके किंवा त्याहून अधिक होण्याची शक्यता किमान 90 टक्के असेल तोच आकडा सिद्ध ठरतो. संभाव्य साठा मिळवल्यावर ही अट 50 टक्क्यांवर आणि शक्य साठाही मिळवल्यावर 10 टक्क्यांवर येते. याचा एक परिणाम असा, की काटेकोरपणे नोंदलेला सिद्ध साठा काळानुसार कमी होण्यापेक्षा वाढण्याचीच शक्यता जास्त असते, आणि तो वारंवार खाली आणावा लागत असेल, तर मूळ नोंदीच सैल होत्या असे मानण्यास जागा राहते.

नियमांची ही सावधगिरी तपशिलांत अधिक ठळक दिसते. विहिरीत ज्या खोलीपर्यंत तेल आढळले, त्याच्या खालीही ते असेल असे कंपनीच्या भूवैज्ञानिकांना मनापासून वाटत असले, तरी विश्वासार्ह तंत्राने तसे सिद्ध होईपर्यंत नोंद त्या खोलीवरच थांबते. ज्या जागी अद्याप विहीर खोदलेली नाही तेथील तेल 'अविकसित सिद्ध साठा' म्हणून नोंदता येते. परंतु 2008 च्या सुधारणेनुसार, काही विशेष कारण नसेल तर, अशा विहिरी पाच वर्षांत खोदण्याचा स्वीकृत आराखडा असावा लागतो.

भावाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पूर्वी वर्षाच्या अखेरच्या दिवसाचा भाव धरून हिशेब होत असे. 2008 च्या जुलैत बॅरलला 147 डॉलरपर्यंत चढलेले तेल त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस 45 डॉलरच्या आसपास आले, तेव्हा एका दिवसाच्या भावावर अनेक वर्षांच्या साठ्याचे भवितव्य ठरवण्यातील धोका स्पष्ट झाला. सुधारित नियमाने बारा महिन्यांतील प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या भावांची सरासरी आधारभूत ठरवली. तरीही भावाची सत्ता संपली नाही. 2016 च्या अखेरीस एक्सॉनमोबिलने कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कर्ल येथील तेलवाळूमधला सुमारे 3.5 अब्ज बॅरल डांबरी तेलाचा साठा सिद्ध वर्गातून काढून टाकला, कारण त्या वर्षीच्या सरासरी भावात तो काढणे नियमाच्या हिशेबाने परवडत नव्हते. खाण मात्र चालूच होती. उत्पादन-वाटप करारांत तर हाच परिणाम उलट्या दिशेने दिसतो. तेथे कंपनीने केलेला खर्च तिला तेलाच्या रूपाने परत मिळत असल्यामुळे भाव वाढला की तोच खर्च थोड्या बॅरलांत भरून निघतो, आणि कंपनीच्या वाट्याचा सिद्ध साठा घटतो.

ही शिस्त अमेरिकेच्या रोखेबाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. देशांच्या राष्ट्रीय आकड्यांना ती लागू नाही. 1980 च्या दशकात तेल निर्यातदार देशांच्या ओपेक संघटनेत उत्पादनाचे हिस्से ठरू लागल्यावर कुवेत, इराक, संयुक्त अरब अमिराती, व्हेनेझुएला आणि सौदी अरेबिया यांनी थोड्याच वर्षांत आपले जाहीर साठे मोठ्या उड्यांनी वाढवले. त्यांपैकी कित्येक आकडे पुढे दररोज लाखो बॅरल तेल उपसले जात असतानाही जवळजवळ स्थिर राहिले. जागतिक साठ्याच्या तक्त्यांत हे आकडे आणि नियामकाच्या धाकाखाली मांडलेले कंपन्यांचे आकडे एकाच रकान्यात बसवले जातात, ही गोष्ट ते तक्ते वाचताना ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

कंपन्यांच्या बाबतीतही वाजवी खात्रीचा अर्थ किती ताणला जाऊ शकतो, हे रॉयल डच/शेल समूहाच्या प्रकरणाने दाखवून दिले. 9 जानेवारी 2004 रोजी या समूहाने (वायूही समतुल्य तेलाच्या बॅरलांत मोजून) सुमारे 3.9 अब्ज बॅरलचा साठा, म्हणजे आपल्या सिद्ध साठ्याचा जवळजवळ पाचवा भाग, सिद्ध वर्गातून वगळत असल्याचे जाहीर केले. पुढील काही महिन्यांत हा आकडा 4.47 अब्जांवर गेला. मार्चमध्ये अध्यक्ष सर फिलिप वॉट्स आणि उत्खनन-उत्पादन विभागाचे प्रमुख वॉल्टर व्हॅन डी व्हायव्हर यांना पद सोडावे लागले, आणि ऑगस्टमध्ये समूहाने अमेरिकी आयोगाला 12 कोटी डॉलर व ब्रिटनच्या वित्तीय नियामकाला 1.7 कोटी पौंड दंड देण्याचे मान्य केले.

या चुकीचे मूळ केवळ भूशास्त्रात शोधून चालणार नाही. वर्षभरात उपसलेल्या तेलाच्या तुलनेत किती नवा साठा वहीत आला याला साठा-प्रतिस्थापन प्रमाण म्हणतात. ते 100 टक्क्यांच्या खाली गेले की कंपनी आपले भांडवल खाऊन जगत आहे असा अर्थ गुंतवणूकदार घेतात. शेलने 1998 ते 2002 या पाच वर्षांसाठी हे प्रमाण 100 टक्के दाखवले होते. योग्य नोंदी केल्या असत्या तर ते 80 टक्के ठरले असते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. इतक्या मोठ्या समूहाच्या जगभरातील नोंदी तपासण्याचे काम समूहातूनच निवृत्त झालेल्या, अर्धवेळ काम करणाऱ्या आणि हाताखाली कर्मचारी नसलेल्या एका अभियंत्याकडे होते, ही बाबही चौकशीत पुढे आली. एवढ्या मोठ्या कंपनीने पैशांचा हिशेब तपासण्याची अशी व्यवस्था क्षणभरही चालू दिली नसती, हे लक्षात घेतले म्हणजे साठ्याच्या नोंदींकडे किती हलगर्जीने पाहिले जात होते याची कल्पना येते. नायजेरियात उत्पादनाच्या मर्यादा आणि परवान्याची मुदत पाहता जेवढे तेल काढणे शक्य नव्हते, तेवढे सिद्ध म्हणून नोंदले गेले होते.

सर्वांत बोलके उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापलीकडील गॉर्गन वायुक्षेत्राचे आहे. तेथे वायू आहे याविषयी कोणालाही शंका नव्हती. परंतु शेलने 1997 साली त्यातील आपला वाटा सिद्ध म्हणून नोंदला, तेव्हा तो वायू विकत घेण्याचा करार कोणाशी झालेला नव्हता आणि प्रकल्पात पैसा घालण्याचा अंतिम निर्णयही झालेला नव्हता. तो निर्णय सप्टेंबर 2009 मध्ये झाला, आणि गॉर्गनच्या द्रवरूप वायूचे पहिले जहाज मार्च 2016 मध्ये निघाले, म्हणजे मूळ नोंदीनंतर सुमारे एकोणीस वर्षांनी.