पानशेतचे पाणी आणि ‘श्या’ हे नाव

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. चीनच्या पहिल्या घराण्याची कथा मी म्हणूनच जरा वेगळ्या कानांनी ऐकतो. गुन बांध घालून पूर अडवू पाहतो आणि हरतो. त्याचा मुलगा यू चर खणून पाण्याला समुद्राची वाट करून देतो. त्याच्यापासून ‘श्या’ घराणे सुरू होते.

पण हे नाव त्यांचे स्वतःचे होते का? नंतरच्या शांग राजांच्या अस्थिलेखांत या घराण्याचा उल्लेख सापडलेला नाही. तो येतो त्याहून उशिराच्या चौकालीन ग्रंथांत. १९५९ साली उजेडात आलेल्या अरलितोउ येथे राजवाड्यांची जोती आहेत, लेख नाही.

आपल्याकडे पुराणे ज्यांना ‘आंध्र’ म्हणतात, त्यांच्या सिमुकाच्या प्रतिमेपाशी नाणेघाटात ‘सातवाहन’ कोरलेले आहे. असे लेख नसते, तर आपण पुराणांचेच नाव चालवले असते. पानशेतच्या जलाशयाचेही सरकारी नाव तानाजीसागर. लोक पानशेतच म्हणतात. ‘श्या’ हे कदाचित वारसांनी पूर्वजांना दिलेले नाव असेल. तेवढ्याने ते पूर्वज खोटे ठरत नाहीत.