ज्वारीची हाक टारफुला ऐकतो

रानात ओल आहे, तरी ज्वारी पाणी तुटल्यासारखी मान टाकते. पानं पिवळी पडू लागतात. शेतकरी खतापाण्याचा हिशोब मांडत बसतो आणि काही आठवड्यांनी ताटाच्या बुडाशी इवली पांढरी फुलं दिसतात. टारफुला! तोवर उशीर झालेला असतो, कारण या परोपजीवी तणाने जमिनीखाली ज्वारीच्या मुळात तोंड खुपसून आपलं काम केव्हाच उरकलेलं असतं.

टारफुल्याचं बी धुळीच्या कणाएवढं. एकेक झाड ते हजारोंनी टाकतं आणि ते दहा-दहा वर्षं मातीत जिवंत राहू शकतं. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार? उगवल्यावर चार-दोन दिवसांत यजमानाचं मूळ सापडलं नाही, तर खेळ खलास. म्हणून नुसत्या ओलीवर ते उगवत नाही. शेजारी मूळ असल्याची खूण पटावी लागते, आणि ती खूण मूळच देतं. मुळांतून अत्यल्प प्रमाणात पाझरणाऱ्या या द्रव्यांचं नाव स्ट्रायगोलॅक्टोन.

त्यातलं पहिलं 1966 मध्ये वेगळं काढलं गेलं. वैऱ्याला आवतण देणारं द्रव्य पीक मुळात बनवतंच कशाला, हे कोडं पुढे जवळजवळ चाळीस वर्षं टिकलं. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की ही हाक वैऱ्यासाठी नाहीच. ती मायकोरायझा बुरशीसाठी आहे. ही बुरशी मुळांशी नातं जोडून दूरचं स्फुरद आणून देते. जमिनीत स्फुरद कमी, तेवढी हाक मोठी. टारफुला ती चोरून ऐकतो; हलक्या, कसदारपणा गेलेल्या रानात त्याचा जोर असतो तो यामुळेही. 2008 मध्ये आणखी एक उलगडा झाला: हेच द्रव्य झाडाच्या आत संजीवक म्हणून वावरतं आणि फुटवे आवरतं. खायला कमी, तर पसारा कमी. झाडाचा संसार असा काटकसरीचा.

आपल्याकडे संजीवक म्हटलं की बाटली आठवते. द्राक्षबागायतदार बिनबियांच्या मण्यांना फुगवण यावी म्हणून घड ‘जीए’त, म्हणजे जिबरेलिक ॲसिडमध्ये, बुडवतात, ते आता अंगवळणी पडलं आहे. टारफुल्याच्या बाबतीत मला बाटलीपेक्षा बियाण्याची वाट अधिक पटते. इथिओपियात जन्मलेले गेबिसा एजेटा यांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी घडवली. या कामासाठी 2009 चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. अशा काही वाणांतलं गुपित 2017 मध्ये उघड झालं. एका जनुकातल्या बदलामुळे ही ज्वारी हाक बंद करत नाही, तिचा प्रकार बदलते. पाझरणारं द्रव्य वेगळं, त्यामुळे टारफुल्याचं बी फारसं उगवत नाही. अर्थात एका जनुकाच्या भरवशावर निर्धास्त राहता येत नाही. टारफुल्यातही भेद पुष्कळ, आणि तणही बदलत जातं.

दुसरी युक्ती उलटी: यजमान नसताना बी उगवायला लावायचं. अमेरिकेत कॅरोलायना भागात 1956 मध्ये टारफुला सापडला, तेव्हा तिथे इथिलीन वायू थेट जमिनीत सोडला गेला. इथिलीन हेही संजीवकच. बी फसून उगवलं आणि उपाशी मेलं. सरकारी तिजोरीच्या बळावर हे साधलं. कोरडवाहू शेतकऱ्याला ते कुठलं परवडायला?

त्याच्याकडे कापूस आहे. 1966 चं ते पहिलं द्रव्य मिळालं होतं कापसाच्याच मुळांतून, आणि कापूस टारफुल्याचा यजमान नाही. म्हणजे कापूस हाक देतो, पण खाऊ घालत नाही. ज्वारी-कापूस फेरपालट विदर्भ-खानदेशाला नवी नाही. मात्र मातीतला साठा एका हंगामात संपत नाही. फेरपालट नेटाने चालवावी लागते, उगवलेला टारफुला फुलण्याआधी उपटावा लागतो आणि जमिनीत शेणखत, स्फुरद घालावं लागतं. ज्वारी काढून तिथेच ऊस लावला, तर मात्र सगळं मुसळ केरात. उसाच्या मुळांवरही टारफुल्याचं छान भागतं.