टेप मागच्या दारापर्यंत

अंबड तालुक्यातल्या एका गावात घरपट्टीची फेरआकारणी चालू होती, तेव्हा दोन दिवस मी मोजणी करणाऱ्यांबरोबर हिंडलो. मोजणारे दोघंच. एक ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना गाव अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतं, आणि दुसरा शिपाई. टेपचं एक टोक शिपायाच्या अंगठ्याखाली, दुसरं बहुतेक वेळा माझ्या हातात.

तिसऱ्या घरी म्हातारीनं ढाळजेतच विचारलं, "मोजता कामून? पाच खणाचं घर हाय, लिहा की." खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. तुळईला लाकूड मिळेल तेवढी त्याची लांबी, म्हणून एकाचे पाच खण दुसऱ्याच्या पाच खणांएवढे भरतीलच असं नाही. गावाला घर कळायला खण पुरतो. नोंदवहीला मात्र चौरस मीटर लागतात.

उंबरा ओलांडला की भाऊसाहेब भिंतीकडे बघायच्या आधी वर बघत. छत माळवदाचं, पत्र्याचं की स्लॅबचं? माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली जो गारवा मिळतो तो स्लॅबखाली मिळत नाही, पण गारव्याला तक्त्यात रकाना नाही. बांधकाम मातीचं आहे, दगडविटा मातीत रचल्यात, चुना-सिमेंटमध्ये बांधल्यात की आरसीसी आहे, एवढंच तिथं विचारलं जातं. त्यावरून बांधकामाचा दर ठरतो आणि कराचा दरही.

31 डिसेंबर 2015च्या अधिसूचनेपासून ग्रामपंचायती घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारतात. जागेचं क्षेत्रफळ गुणिले रेडीरेकनरमधला जमिनीचा दर, त्यात बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर मिळवायचा. बांधकाम जितकं जुनं, तितकी त्यावर घसाऱ्याची सूट. आलेल्या बेरजेला वापराचा भारांक लावायचा. राहत्या घराला 1, दुकानाला 1.25. समजा एका आरसीसी घराचं मूल्य 4,00,000 रुपये निघालं आणि ग्रामपंचायतीचा दर हजारी 120 पैसे आहे, तर घरपट्टी 480 रुपये. त्याच खोलीत किराणा मांडला की 600. पाणीपट्टी आणि दिवाबत्ती वेगळी.

तिकडे जालना शहरात, जिथं 2023 साली नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, कायद्यातली रुळलेली पद्धत निराळी आहे. तिथं विचारतात, हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल? त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. मोंढ्याजवळच्या खोलीला हा प्रश्न शोभतो. जिथं भाडेकरू नावाचा माणूस उभ्या जन्मात कुणी पाहिला नाही, त्या गावात तो विचारायचा कुणाला? म्हणून गावासाठी भांडवली मूल्याचा हिशेब मला जास्त सरळ वाटतो. मात्र मोजणारा घराच्या आत गेला तरच.

म्हातारीच्या घरात तेच घडलं नव्हतं. पुढची एक खोली लेकानं स्लॅबची बांधलेली, रस्त्यावरून तेवढीच दिसते. मागं सगळं माळवद, त्याच्यापलीकडे पत्र्याची न्हाणी. मागच्या आकारणीत सबंध घर 'आरसीसी' लागलं होतं. कुणीतरी दारातूनच बघून लिहिलं असणार. चार वर्षं ती जास्तीची घरपट्टी भरत आली, मोसंबीच्या बागेत खुरपणीला जाऊन. पावत्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेल्या होत्या.

भाऊसाहेबांनी टेप मागच्या दारापर्यंत नेला. पुढची खोली वेगळी लिहिली, माळवद वेगळं, न्हाणी वेगळी. एका घराच्या तीन ओळी झाल्या. या कामाला अर्धा तास लागला, आणि गावात घरं शेकड्यांनी. दारातूनच लिहिण्याचा मोह कुठून येतो ते मला तिथं उभं राहिल्यावर कळलं, पण तो मोह म्हातारीला किती महाग पडला तेही समोर दिसत होतं.

मोजणी संपली की यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि हरकतींसाठी मुदत मिळते. ग्रामपंचायतीनं ऐकलं नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. मी फलकाजवळ उभा होतो तेव्हा येणारा प्रत्येक जण आपलं नाव शोधून थेट शेवटच्या आकड्यावर बोट ठेवायचा. "लई झाली घरपट्टी." एवढ्या बोलण्यावर काहीच बदलत नाही, कारण तो आकडा हिशेबानं आलेला असतो. बघायचं असतं त्याच्या डावीकडे. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, वापर. चूक तिथं बसलेली असते, आणि हरकतही तिथलीच टिकते. बंद पडलेलं दुकान अजून 'व्यापारी' लागलंय का, चाळीस वर्षांच्या भिंतींचं वय दहा लिहिलंय का? हे मी तिथं चारपाच जणांना सांगितलं. दोघं पुन्हा फलकाकडे वळले.

दुपारी म्हातारी आली. अक्षर येत नव्हतं, म्हणून नातीला घेऊन. नात शाळेच्या गणवेशात, टाचा उंच करून वाचत होती: "स्लॅब, एक खोली. माळवद, तीन खोल्या. पत्रा..."

"न्हाणी," म्हातारी म्हणाली. "न्हाणी लिव्हलीय का बघ."