न्यायाधीश कसे निवडले जातात, आणि त्यांना मराठी का यावी लागते

नाशिकला सीबीएस बसस्थानकावर उतरलं की जिल्हा न्यायालय हाकेच्या अंतरावर. सुरगाण्याहून, पेठहून, निफाडहून माणसं पिशवीत सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं घेऊन येतात. पुकारा झाला की ज्या खुर्चीपुढे ती उभी राहतात, त्या खुर्चीपर्यंत न्यायाधीश कसा पोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडून येतात. आपल्या घटनेने तो मार्ग नाकारला. अनुच्छेद २३३ प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. त्यांच्या खालच्या न्यायाधीशांसाठी लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय या दोघांशी विचारविनिमय करून नियम ठरतात. पुढे नेमणुकीची जागा, बढती आणि रजा उच्च न्यायालयाच्या हाती. त्यामुळे निकाल मनाविरुद्ध गेला म्हणून कुणा पुढाऱ्याला न्यायाधीशाची बदली करता येत नाही. या साऱ्या रचनेत हीच तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते.

पहिली पायरी म्हणजे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. या पदाच्या परीक्षेला विद्यार्थी नुसतं ‘जेएमएफसी’ (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) म्हणतात. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन टप्पे राज्य लोकसेवा आयोग, म्हणजे एमपीएससी, घेतो. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. मला ती योग्य वाटते. पक्षकाराला तारखेमागून तारखा मिळताना ज्याने जवळून पाहिलं आहे, तो तारीख देताना दोनदा विचार करील. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होतं. जिल्हा न्यायाधीशांच्या जागा मात्र तीन वाटांनी भरतात : निम्म्या बढतीने, पाव विभागीय स्पर्धा परीक्षेने, आणि पाव थेट, किमान सात वर्षं वकिली केलेल्यांतून किंवा वकिली व न्यायिक सेवा मिळून तेवढा अनुभव असलेल्यांतून.

आता भाषेचा प्रश्न. जेएमएफसीच्या उमेदवाराला मराठी बोलता, वाचता, लिहिता आली पाहिजे, आणि मराठीतून इंग्रजीत व उलट भाषांतरही सहज करता आलं पाहिजे, अशी पात्रतेची अट आहे. ती कागदापुरती नाही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना राज्याने १९९८ साली काढली. तिथे दावा, कैफियत, सरतपास, उलटतपास, मनाई हुकूम, दरखास्त हे शब्द रोज कानावर पडतात. उच्च न्यायालयाची भाषा मात्र अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी. म्हणजे मराठीत दिलेली साक्ष अपिलात इंग्रजीत वाचली जाते. ‘बांध कोरला’ आणि ‘बांध फोडला’ यांतला फरक त्या वाटेत हरवला, तर शेतकऱ्याचा दावाच बदलतो. सुरगाण्याच्या साक्षीदाराची घरची बोली तर कोकणा किंवा डांगी. त्याच्यासाठी मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी.

या अटीची तयारी शाळेत होते, किंवा होत नाही. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. २०२० च्या कायद्याने इंग्रजी माध्यमासह सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. दोन्ही निर्णय मला मान्य आहेत, पण दोन्हीकडे भर गुणांवर राहिला. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाला सातबाऱ्यावरची नोंद वाचता येत नाही. मराठी शाळेतून आलेली मुलगी इंग्रजी निकालपत्राच्या पहिल्याच पानावर अडखळते. दोघांत बुद्धी कमी नाही. एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत नेण्याचा सराव त्यांना कुणी दिलेलाच नसतो. तो आठवीपासून द्यावा, आणि धडे खऱ्या कागदांचे असावेत : खरेदीखत, नोटीस, ग्रामसभेचा ठराव. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश शाळेच्या कपाटात असावा. आदिवासी पट्ट्यात सुरुवात घरच्या बोलीतून व्हावी, कारण तिच्या आधाराशिवाय मराठीही रुजत नाही.

आपलं कोर्ट खुलं असतं. तिथे बसून कामकाज ऐकायला पक्षकार किंवा वकील असावं लागत नाही. दहावीतल्या मुलाला घेऊन एखाद्या सकाळी सीबीएससमोरच्या त्या इमारतीत जा, मागच्या बाकावर बसा आणि एक उलटतपास शेवटपर्यंत ऐका.